ऑफिस की घर? आधी दाराचं बोलू

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता म्हणून गेले की मला ऑफिसात जाऊन काम करायला आवडतं. झालं! खाली कमेंटमध्ये माझी जी धुलाई झालीय... "ताई, कंपनीनं पैसे दिले का?" "ताई, हिंजवडी कधी बघितलीय का?" अहो, आठवड्यातून तीन दिवस बघते. धायरीहून हिंजवडीच्या आयटी पार्कात, फेज टूला जाते, कंपनीच्या बसनं. पावसाळ्यात भूमकर चौकात बस इतकी वेळ उभी असते की आत बसून मी मटार सोललेत. खरंच, पिशवीभर. त्यामुळे ट्रॅफिकवर मला शिकवू नका.

आता नेहमीचे मुद्दे पटकन उरकते. घरून काम केलं की प्रवास वाचतो, गरम जेवण मिळतं. ऑफिसात माणसं भेटतात, अडलं की शेजारी वळून विचारता येतं. मार्च २०२० पासून हे आपल्याला पाठ आहे. पुढे चला.

मला एकच विचारायचंय. तुमच्या घरात काम करताना लावून घेता येईल असं दार आहे का?

हसू नका. घरून काम केल्यानं काम जास्त उरकतं, हे सांगताना लोक ज्या अभ्यासाचं नाव घेतात ना, तो स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. सीट्रिप नावाच्या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. हा आकडा सगळे फेकतात. पण त्या प्रयोगात घ्यायचं कोणाला, याच्या अटी होत्या, आणि त्यातली एक होती घरी कामासाठी वेगळी खोली. म्हणजे ज्यांच्याकडे दार होतं, त्यांचाच तो आकडा आहे! आणि गंमत पुढेच. प्रयोग संपल्यावर घर की ऑफिस, अशी पुन्हा निवड करायला सांगितलं, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी आपली निवड बदलली. कारण घरी एकटं पडल्यासारखं होतं, ही तक्रार तिथंही होतीच.

आता माझं दार. २०२० मध्ये आम्ही वन बीएचकेत. हॉलमध्ये नवरा, स्वयंपाकघरात मुलीची पहिलीची ऑनलाइन शाळा, आणि मी बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. कपाट त्याच खोलीत, देवघरही त्याच खोलीत. दार लावणार कसं? एकदा सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या आदल्या रात्री क्लायंटचा कॉल चालू, माझा माइक चुकून चालू, आणि सासूबाई दारातून, "अगं, उद्याला भेंडी चिरून ठेवू का गवार?" पलीकडे शांतता. मग आमच्या टीममधला नगरचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, गवार."

सासूबाईंची चूक नाही हं. त्यांच्या लेखी मी घरात होते. घरात असलेल्या माणसाला भाजी विचारायची नाही तर कोणाला?

आणि आता तिसरी गोष्ट, हिच्यावर मला खरं भांडायचंय. दोन वर्षांपूर्वी आम्ही टू बीएचकेत आलो. दार मिळालं, कडीसकट. पण नवऱ्याचं दार लागलं की घर कुजबुजत चालतं, "कॉल आहे त्याचा." माझं लागलं की टकटक होते. गॅसवाला आलाय, पार्सल आलंय, सोसायटीची मीटिंग आहे. शेजारच्या काकू तर विचारतात, "हल्ली घरीच असतेस का गं?" घरी नसते काकू, कामावर असते! लाकडाचं दार बसवून भागत नाही, घरच्यांनाही ते दिसावं लागतं. बायांनो, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय.

एका दादांनी लिहिलंय की ते साताऱ्याजवळच्या गावातून काम करतात, वाड्याची माडी आहे, खिडकीतून ऊस दिसतो, पुण्यात घरभाडं भरायला ते वेडे नाहीत. बरोबर आहे दादा! तुमच्याकडे माडी आहे, जिना आहे, वर कोणी येत नाही. मी असते तर मीही आले नसते. एका ताईचं बाळ आठ महिन्यांचं आहे, तिला रोज चार तास बसमध्ये घालवणं शक्यच नाही. तिलाही मी "ऑफिसला जा" म्हणणार नाही.

आणि मला ऑफिस आवडतं म्हणजे हजेरीचं कार्ड आवडतं असं समजू नका. माणसाला दोन तास रस्त्यावर घालवायला लावून, ऑफिसात आणून, हेडफोन लावून बंगळुरूच्या माणसाशीच बोलायला लावायचं, यात काय अर्थ आहे मला कळलेलं नाही. ब्लूम यांचाच नंतरचा अभ्यास आहे, २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला, त्याच चिनी कंपनीत १,६१२ जणांवर केलेला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू दिलं, तर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं कमी झालं आणि कामगिरीत फरक पडला नाही. माझे तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर, असंच चाललंय. घरच्या दोन दिवसांत मी लिहिण्याचं काम ठेवते, कॉल शक्यतो नाहीच.

मायक्रोफोन कोणता वापरते, हे विचारणाऱ्यांना पुढच्या वेळी सांगते. उद्या मंगळवार, सात दहाची बस आहे आणि मटार अजून आणायचेत.