दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सलचे, मग एकाची फाइल ६ एमबी आणि दुसऱ्याची १२ का?

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन कॅमेरे आहेत, दोन्ही २४ मेगापिक्सलचे. समजा, दोघांनी एकाच झाडाचा फोटो काढला. एकाची जेपेग फाइल ६ एमबीची आली, दुसऱ्याची १२. लगेच "१२ वाला भारी" म्हणू नका. आधी हिशेब मांडू.

(स्क्रीनवर: ६००० × ४००० = २ कोटी ४० लाख पिक्सल)

फोटो उघडला की प्रत्येक पिक्सलला लाल, हिरवा, निळा मिळून तीन बाइट लागतात. म्हणजे काहीही न दाबता ठेवला, तर हा फोटो ७२ एमबीचा. एका कॅमेऱ्याने तो बाराव्या हिश्श्यावर आणला, दुसऱ्याने सहाव्या. पिक्सल दोघांचे तेवढेच. फरक आहे कॉम्प्रेशनचा.

(स्क्रीनवर: आकाश आणि पानं, ८ × ८ पिक्सलचे चौकोन मोठे करून)

जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सलचे चौकोन पाडतं. आकाशाच्या चौकोनात चौसष्ट पिक्सल जवळपास सारखेच, दोन-चार आकड्यांत काम भागतं. पानांच्या चौकोनात मात्र पिक्सलगणिक उजेड बदलतो, तिथे आकडे जास्त साठवावे लागतात. मग हे आकडे एका तक्त्यानुसार ढोबळ केले जातात, आणि खरी मेख इथेच आहे: हा तक्ता जेपेगच्या नियमांनी सक्तीचा केलेला नाही, प्रत्येक कंपनी आपापला बनवते. त्यामुळे दोन कॅमेऱ्यांच्या मेनूंत दर्जापुढे "फाइन" दिसलं तरी दोन्ही "फाइन" एक नाहीत. शिवाय रंगाची माहिती कोणी निम्मी ठेवतं, कोणी पाव. डोळ्यांना ते सहसा कळत नाही, फाइलला कळतं.

आता आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा. तोच कॅमेरा, तीच फ्रेम, आधी १०० वर आणि मग ६४०० वर. दुसरी फाइल बहुतेक वेळा मोठी येते, कारण नॉइजचे, म्हणजे फोटोत उगाच उमटणारे, दाणेही कॉम्प्रेशनला बारकावेच वाटतात. नॉइज रिडक्शन "हाय" केलं तर फाइल लहान होते, पण केसांचा आणि पैठणीच्या जरीचा पोतही पुसला जातो. म्हणजे वाढलेल्या एमबीत कचरा असू शकतो आणि घटलेल्या एमबीत गमावलेला तपशील. शार्पनिंग वाढवलं तरी साइज वाढते.

रॉ फाइलचं, म्हणजे सेन्सरकडून आलेल्या कच्च्या माहितीचं, गणित वेगळं. तिथे प्रत्येक पिक्सलचा एकच आकडा साठवतात, बहुधा १४ बिटचा. २ कोटी ४० लाख गुणिले १४ भागिले ८ (८ बिटांचा एक बाइट), म्हणजे ४२ एमबी. सोनी ए७ थ्री हाच आकडा १६ बिटच्या जागेत ठेवतो, म्हणून त्याची अनकॉम्प्रेस्ड रॉ ४८ एमबीच्या आसपास जाते आणि कॉम्प्रेस्ड साधारण २४. सेन्सर तोच! पण ही कॉम्प्रेस्ड रॉ थोडी माहिती टाकून देते. काळ्या आकाशातल्या ताऱ्यांच्या रेघा घेऊन शॅडो वर ओढल्या, म्हणजे काळोखे भाग उजळले, की कडांना डाग दिसू शकतात. ज्या कॅमेऱ्यात "लॉसलेस कॉम्प्रेस्ड" असेल, तिथे डोळे झाकून तेच लावा. जागा वाचते आणि काहीच जात नाही.

एक गैरसमज जाता जाता: डीपीआय, म्हणजे प्रिंटमध्ये एका इंचात किती ठिपके, ७२ चे ३०० केल्याने, पिक्सल तेवढेच ठेवले तर, फाइलमध्ये एक पिक्सलही वाढत नाही. फक्त प्रिंटसाठीची एक नोंद बदलते.

निकॉन वापरत असाल तर मेनूत जेपेग कॉम्प्रेशन बघा. "साइज प्रायॉरिटी" सगळ्या फाइल साधारण सारख्या साइजच्या ठेवायला बघते, म्हणून गर्दीच्या फ्रेमला जास्त दाबते. "ऑप्टिमल क्वालिटी" फ्रेमप्रमाणे साइज बदलू देते. नव्या मॉडेलमध्ये त्यासाठी "फाइन"पुढे चांदणी असते. ती निवडा.

आणि दोन कॅमेऱ्यांची तुलना करायचीच असेल, तर ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० ठेवा, अ‍ॅपर्चर एकच, नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग दोन्हीकडे मधल्या खुणेवर. मग दोन्ही फोटो १०० टक्के झूमवर शेजारी ठेवून पानांच्या कडा बघा.