‘स्पाझम आलाय, थांबा’

(पहाट. पिंपळगाव बसवंतजवळची द्राक्षबाग. आजींचा हात, हातात काडी.)

ह्या आजी. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर एक प्रोसिजर होणारे, ती ह्या फिल्ममध्ये बघायचीय. नाव सांगायचं नाही अशी त्यांची अट आहे, गुडघा दाखवायला हरकत नाही म्हणाल्या. सप्टेंबर संपत आलाय, आठ-दहा दिवसांत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू होईल आणि छाटणीची टोळी आली की आजी बागेत हव्यातच, कारण कुठली काडी ठेवायची नि कुठली काढायची हे पोरांना कळत नाही असं त्यांचं ठाम मत. "ओलांड्याला कात्री लावायची नाय. काडी काढ, ओलांडा ऱ्हाऊ दे." ओलांडा म्हणजे वेलीची आडवी जाड फांदी, काडी म्हणजे तिच्यावरची बारीक फूट. हे लक्षात ठेवा, पुढं लागणारे.

(गाडी. ओझर, आडगाव नाका, द्वारकेचा पूल.)

गुडघा सहा वर्षं दुखतोय. गोळ्या झाल्या, सांध्यात इंजेक्शनं झाली, तेलाचा तर हिशोबच नाही. एक्सरेत गादी झिजलीय पण पार संपलेली नाही, म्हणजे सांधा बदलायची वेळ आलेली नाही आणि गोळ्यांनी तर भागत नाही, असं मधल्यामधे अडकलेलं दुखणं. अशांसाठी एक प्रोसिजर आहे, जेनिक्युलर आर्टरी एम्बोलायझेशन. नाव लांबलचक, काम अगदी बारीक. सांध्याच्या अस्तराला सूज राहिली की तिथं नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, वेलीला बगलफूट येते ना तशा, आणि त्यांच्यासोबत दुखणं वाहून नेणारे मज्जातंतूही वाढतात. ह्या फुटीचा रक्तपुरवठा कमी केला तर दुखणं कमी होईल, ही कल्पना जपानच्या डॉ. युजी ओकुनो यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत पुढं आणली. त्यांनी वापरलेलं औषध म्हणजे खरं तर एक अँटिबायोटिक, इमिपेनेम-सिलास्टॅटिन. डाय म्हणजे एक्सरेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते द्रावण, त्यात हे औषध पूर्ण विरघळत नाही, त्याचे बारीक कण तरंगत राहतात आणि त्या कणांनीच ही बगलफूट बंद करायची. जंतू मारायचा इथं काही संबंध नाही.

(कॅथलॅब. काचेपलीकडून. शिशाचे ॲप्रन चढवतायत.)

आजी जाग्या आहेत. जांघेत भूल दिलीय, तिथून एक नळी आत गेलीय आणि ती गुडघ्याच्या दिशेनं उतरतेय. गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवलीय बघा. आम्हाला वाटलं सूज उतरावी म्हणून. तसं नाहीये. बर्फानं वरच्या कातडीच्या रक्तवाहिन्या आखडतात, मग चुकून कण तिकडं गेले तरी कमी जातात, नाहीतर कातडीला डाग पडतो, क्वचित जखमही होते. म्हणजे बाहेरच्या वाहिन्या मुद्दाम आखडवायच्या आणि आतल्या मात्र अजिबात आखडू द्यायच्या नाहीत, आणि सगळी गंमत ह्या दुसऱ्या भागात आहे.

(स्क्रीन. काळ्या रेषा. एक रेष अचानक बारीक होते.)

थांबवा इथं. हे बघा. मघाशी ही धमनी सरळ, एकसारख्या जाडीची दिसत होती. आता मण्यांच्या माळेसारखी झालीय आणि पुढं तर गायबच. "स्पाझम आलाय, थांबा," डॉक्टर म्हणतात. आवाज चढलेला नाही.

पायात गोळा येतो माहितीये ना, रात्री झोपेत, तसाच रक्तवाहिनीलाही येतो. तिच्या भिंतीत स्नायूचा थर असतो, नळीला वाट दाखवणारी बारीक तार आतून घासली, नळी टोचली, गार डाय जोरात सोडला की तो स्नायू घट्ट आवळतो. गुडघ्याच्या ह्या धमन्या आहेतच एक-दोन मिलिमीटरच्या. आत जाणारी मायक्रोकॅथेटर, म्हणजे अगदी बारीक नळी, दोन फ्रेंचच्या आसपास (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), आणि तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे नळी पाऊण मिलिमीटरचीही नाही, तरी धमनीत तिला अंग चोरून जावं लागतं. वाहिनीची रुंदी अर्धी झाली तर रक्त निम्मं जाईल असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं, प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. ठिबकची नळी मुडपली की ओळीतलं शेवटचं झाड का वाळतं, ते आजींना वेगळं समजवावं लागत नाही.

आता खरी फसगत इथं होते. काम कधी संपलं हे डॉक्टर कशावरून ठरवतात? कण सोडत राहायचं आणि पडद्यावर तो धुरकट काळा डाग, ज्याला हे लोक ब्लश म्हणतात, तो विरला की थांबायचं. मोठी फांदी चालू राहिली पाहिजे, बारीक फूट गेली पाहिजे, छाटलेल्या झाडासारखं चित्र दिसलं पाहिजे. (ओलांडा ऱ्हाऊ दे!) पण स्पाझम आला असेल तर रक्त आधीच मंदावलेलं असतं, ब्लश आपोआप फिका दिसतो आणि वाटतं, झालं की काम. बाहेर आलो, स्पाझम सुटला, ब्लश जिथल्या तिथं, पेशंट म्हणणार काही फरकच नाही. किंवा त्याहून वाईट, पुढं वाट नाही म्हणून कण उलटे फिरतात आणि नको त्या फांदीत शिरतात. घाई करणारा इथं हमखास फसतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. तार बाहेर काढली. मायक्रोकॅथेटर थोडी मागं घेतली, जोर नाही. घड्याळ बघितलं. जनरेटरचा आवाज, एसीचा आवाज, आजींचा खोकला.

(क्लोजअप. सिस्टरचे हात, सिरिंज.)

आणि मग हे. सिस्टर नायट्रोग्लिसरीन, म्हणजे आवळलेली वाहिनी सैल करणारं औषध, पातळ करतायत. पाच मिलिग्रॅम औषध, एकूण पन्नास मिली होईपर्यंत सलाइन, म्हणजे एका मिलीत शंभर मायक्रोग्रॅम. सिरिंजवर पेननं लिहिलेली पट्टी चिकटवलीय, कारण ट्रेमध्ये सलाइन, डाय, नायट्रो सगळं पाण्यासारखंच दिसतं. सिरिंज उभी धरून टिचक्या मारतायत, बुडबुडा वर येतो, बाहेर जातो. "बीपी?" "एकशे चाळीस, सर." "द्या." एकदोन मिली, हळूच, थेट त्या धमनीत. बीपी आधी बघितलं कारण हे औषध बीपी पाडतं, आणि सिल्डेनाफिलसारखी (म्हणजे व्हायग्रा) गोळी घेतलेल्या माणसाला तर ते देतच नाहीत, हा प्रश्न सगळ्यांना आधीच विचारून घेतात, लाजायचं काम नाही.

(जुनी चित्रं. कारखाना.)

ह्या औषधाची जन्मकथा भारीये. १८४७ मध्ये इटलीत अस्कानियो सोब्रेरो यांनी ते बनवलं, चाखून बघितलं तर डोकं ठणकायला लागलं. त्याच द्रवापासून आल्फ्रेड नोबेलनं १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी छातीच्या दुखण्यावर ते वापरल्याचं लिहिलं आणि शेवटी खुद्द नोबेललाच डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन सांगितलं. आपली वाहिनी सैल सोडणारा खरा निरोप्या नायट्रिक ऑक्साइड, हे उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ मध्ये पारितोषिक मिळालं, कुणाच्या नावाचं ते कळलंच असेल. सुरुंगातलं औषध सिस्टरच्या बोटांत, तेही थेंबाथेंबानं.

(पुन्हा स्क्रीन.)

पाच मिनिटं. सात. डाय परत सोडला, ह्या वेळी वॉर्मरमधला, अंगाइतका कोमट, कोमट डाय पातळ असतो, जोर कमी लावावा लागतो. मणी गेले. रेष परत रेष झाली. उघडली नसती तर धमनीचं अस्तर सोललं गेलंय का, गुठळी झालीय का, हा संशय घ्यावा लागला असता. उघडली म्हणजे तो स्पाझमच होता. आता तारेच्या टोकाला नवा बाक दिला, बोटावरच, आणि पुढं ढकलायच्या ऐवजी फिरवत फिरवत नेली. टेक्निशियन म्हणतात स्पाझम घालवण्यापेक्षा येऊ न देणं सोपं असतं, बारीक नळी घ्या, वाहिनीत उगाच ये-जा करू नका. मग कण. थोडे, थांबून, परत थोडे.

"हां, हितंच! हेच दुखतं माझं!" आजी एकदम बोलल्या. सगळे हसले. डाय किंवा कण नेमक्या जागी गेले की रोजचं दुखणं क्षणभर जागं होतं, डॉक्टरांना ते ऐकून बरंच वाटतं. ब्लश गेला. मोठी फांदी वाहतेय.

सगळ्यांना फरक पडतोच असं नाही, खोटी प्रोसिजर करून तुलना केलेल्या अभ्यासांचे निकालही एकसारखे आलेले नाहीत, आणि पार झिजलेल्या सांध्याला ह्याचा फारसा उपयोग होत नाही. आजी पुढच्या महिन्यात बागेत उभ्या होत्या, ते शेवटी दिसेल.

(जांघेवर दाबून धरलेला हात.)

नळी काढल्यावर पंधरा मिनिटं असं दाबून धरायचं. बर्फ वितळून फरशीवर पाणी झालंय, मावशी पुसतायत.

"झालं का रे बाळा?"

"झालं आजी. पाय हलवायचा नाही हं."

"नाय हलवत. छाटणीवाल्याला तेवढा फोन लाव."

(बाग. ऑक्टोबर. कात्रीचा आवाज, आजी काडीकडं बोट दाखवतायत.)