खिशातली यादी

मंडळी, डेव्हिड सुशे हे नाव घेतलं की निम्मे लोक विचारतात, कोण हो हा? मग मी वरच्या ओठावर दोन बोटं ठेवून मिशीची टोकं वळवल्यासारखं करतो. लगेच कोणीतरी म्हणतं, "अरे, प्वारो!" म्हणजे अगाथा ख्रिस्ती यांच्या रहस्यकथांमधला गुप्तहेर. नटाचं नाव विसरलं जातं आणि पात्राचं लक्षात राहतं, याला यश म्हणायचं की अपयश, मला अजून ठरवता आलेलं नाही. आपल्याकडे पणशीकरांनी 'तो मी नव्हेच'मध्ये एका रात्रीत पाच माणसं उभी केली. सुशे यांनी एकच माणूस पंचवीस वर्षं उभा केला. 1989 च्या जानेवारीत प्वारोच्या टीव्ही मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला आणि 2013 च्या नोव्हेंबरमध्ये सत्तरावा, म्हणजे शेवटचा.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. जन्म लंडनचा, 1946 चा. वडील दक्षिण आफ्रिकेतून आलेले डॉक्टर, घराणं मूळचं लिथुएनियातल्या ज्यूंचं. अठराव्या वर्षी नॅशनल यूथ थिएटर, मग नाट्यशिक्षण, 1969 मध्ये चेस्टरच्या रंगभूमीवर पहिली नोकरी आणि 1973 पासून रॉयल शेक्सपिअर कंपनी. तिथे शेक्सपिअरच्या नाटकांतले कॅलिबन, शायलॉक, इयागो. गोरागोमटा नायक तिथे दुसरा कोणीतरी असायचा. यांच्या वाट्याला यायची ती उपरी, वाकडी, कुणालाच न आवडणारी माणसं. पडद्यावरही तेच. 1984 मध्ये बीबीसीसाठी मनोविश्लेषक फ्रॉइड केला, पुढच्या वर्षी एका अमेरिकन चित्रपटात सोव्हिएत हेर. इंग्रज असूनही चेहऱ्यामुळे कायम परदेशी! इंग्लंडमधल्या नट-निवडीची ही गंमत मला फार बोलकी वाटते. शेवटी ज्या भूमिकेने त्यांना घराघरात नेलं, तोही परदेशीच निघाला, बेल्जियन निर्वासित.

प्वारोशी पहिली गाठ मात्र वेगळीच पडली. 1985 मध्ये एका टीव्ही चित्रपटात नट पीटर उस्टिनॉव्ह प्वारो करत होते आणि सुशे होते त्याच गोष्टीतले पोलीस इन्स्पेक्टर जॅप. ते काम आपल्या आयुष्यातलं बहुधा सर्वांत वाईट, असं सुशे स्वतःच सांगतात. उस्टिनॉव्ह मात्र त्यांना म्हणाले की, प्वारो तुला छान जमेल. पुढे निर्माते ब्रायन ईस्टमन यांनी ही भूमिका देऊ केली, तीही लंडनमधल्या ॲक्टनच्या एका भारतीय हॉटेलात जेवता जेवता. सुशे यांनी थोरल्या भावाला विचारलं. भाऊ जॉन टीव्हीवरचे नावाजलेले वृत्तनिवेदक. ते म्हणाले, मी तर या भानगडीत पडणार नाही. भावाचा सल्ला नम्रपणे बाजूला ठेवण्यात आला.

आता इथे मला जरा रेंगाळायचंय. सुशे यांनी काय केलं? अगाथा ख्रिस्ती यांच्या प्वारोकथा घेऊन बसले आणि वाचता वाचता टिपणं काढत गेले. यादी 93 मुद्द्यांची झाली. पहिलाच मुद्दा: हा बेल्जियन आहे, फ्रेंच नव्हे. चहा-कॉफीत साखरेचे चार खडे, कधी तीन, क्वचित पाच. बूट टोकदार, घट्ट आणि चकचकीत. विमान नको, पाण्यावरचा प्रवास तर नकोच नको. (स्वतः सुशे पत्नी शीलासह काही वर्षं कालव्यातल्या होडीत राहत होते, हे जाता जाता.) ही यादी ते चित्रीकरणालाही जवळ बाळगत. शंका आली की काढायची आणि बघायची.

चालीचा प्रश्न होता. पुस्तकात प्वारो भरभर, तुरुतुरु चालतो. सुशे यांना थोर इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांची एक युक्ती आठवली. नितंबांमध्ये एक नाणं धरायचं आणि ते पडू न देता चालायचं. तुम्ही हसताय, पण घरी गेल्यावर दार लावून करून बघा. पावलं आपोआप आखूड पडतात. आवाजाचंही तसंच. सुशे यांचा मूळ आवाज खोल, छातीतला. प्वारो म्हणजे सगळा मेंदूच, म्हणून तो आवाज त्यांनी वर, डोक्यात नेला.

पहिल्याच भागाच्या वेळी बागेतल्या एका बाकावर बसायचं होतं. सुशे म्हणाले, मी आधी रुमालाने बाक पुसणार. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटलं. वाद वाढला, काम थांबलं, निर्मात्याला बोलवावं लागलं. रुमाल जिंकला. हा मला हट्टीपणा वाटत नाही. ख्रिस्ती यांची मुलगी रोझलिंड हिक्स यांनी त्यांना आधीच बजावलं होतं की लोकांनी प्वारोबरोबर हसावं, प्वारोला हसू नये. रुमाल काढून घेतला की उरतो तो नुसता मिशीवाला विदूषक. गांभीर्याने बाक पुसणारा माणूस मात्र पटतो, आणि मग तो मजेशीरही वाटतो.

एवढं करूनही नोकरी कायमची नव्हतीच. मालिकेचं एक पर्व संपलं की पुढचं होणार की नाही, हे अधांतरीच. पुढे तर 2000 पर्यंत काही वर्षं प्वारो बंदच होता. त्या सुमारास सुशे हॉलिवूडमध्ये विमान पळवणारा अतिरेकी झाले, आणि रंगमंचावर मोत्झार्टचा द्वेष करणारा संगीतकार सालिएरी, आधी लंडनमध्ये, मग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर. टोनी या अमेरिकन नाट्यपुरस्काराचं नामांकनही मिळालं. पुढे 2007 मध्ये वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल केला आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार घेतला. एका भूमिकेत अडकलेला नट असं म्हणणाऱ्यांनी ही कामं पाहिलेली नसतात. दर दोन-तीन वर्षांनी ते मिशी काढून ठेवत आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात शिरत.

शेवटच्या पर्वात प्वारो मरतो. तो भाग सर्वांत आधी, 2012 मध्ये चित्रित केला. सुशे यांनी वजन उतरवलं, पोटावरच्या गाद्या काढल्या, चाकाच्या खुर्चीत बसले आणि मेले. मग पुन्हा गाद्या बांधून उरलेले भाग पूर्ण केले. त्यामुळे 2013 च्या जूनमध्ये जो खरा शेवटचा दिवस उजाडला त्या दिवशी प्वारो चांगला धडधाकट होता. चित्रीकरण होतं डेव्हनमध्ये, ग्रीनवे इथे, खुद्द ख्रिस्तीबाईंच्या घरी. मालकीणबाई जाऊन तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. आणि त्यांच्या दारात हा तुरुतुरु चालत निघालेला.