सळई जिथे टेकेल तिथे

(दृश्य : बुजवलेल्या खाणीच्या उतारावर ताणलेला टेप. एक हात पातळ सळई सरळ खाली सोडतो आहे.)

सळईचं टोक आधी गवताच्या पात्याला लागलं. नोंद झाली : गवत. सळई आणखी खाली गेली आणि पाचोळ्यावर टेकली. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात. अर्धा मीटर पुढे सरकून पुन्हा तेच. ५० मीटरच्या टेपवर असे १०० बिंदू होतात. त्यांतल्या जितक्या बिंदूंवर जिवंत वनस्पती लागली, तितके टक्के आच्छादन, म्हणजे वनस्पतींनी झाकलेली जमीन.

खाण बुजवून, वर माती पसरून बी पेरलं, की जमीन खरंच झाकली गेली का हे मोजावंच लागतं. नुसत्या नजरेनं ते कळत नाही. पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं, तर पाती एकामागे एक दिसतात आणि बरीचशी उघडी जमीनही हिरवीगार वाटते.

(दृश्य : नकाशावर रंगवलेले पट्टे.)

टेप टाकण्याआधी नकाशा. भरावाची जमीन एकसारखी नसते. कुठे मातीचा थर जाड, कुठे पातळ. कुठे उतारावर दिवसभर ऊन, कुठे सावली. पेरणीची वर्षंही वेगवेगळी. असे पट्टे आधी वेगळे करायचे आणि प्रत्येकात टेप कुठे टाकायचे ते बिंदू यादृच्छिक, म्हणजे सोडतीसारख्या निघालेल्या आकड्यांनी काढायचे.

मग जीपीएस घेऊन बिंदूपाशी जायचं. तिथे नुसते दगड असतात आणि दोन पावलांवर छान गवत. पाय आपोआप तिकडे वळतो. वळू द्यायचा नाही. तो दगडाळ तुकडाही याच जमिनीचा भाग आहे. रस्ता किंवा तळं वगळायचं असेल, तर तो नियम जागेवर उतरण्याआधी कागदावर हवा.

टेपची दिशाही महत्त्वाची. यंत्रानं ओळीत पेरलेल्या जमिनीवर ओळींना समांतर टेप टाकला, तर तो अख्खा ओळीवर तरी बसतो किंवा दोन ओळींमधल्या रिकाम्या पट्ट्यात तरी. काटकोनात टाकला आणि ओळींमधलं अंतर नेमकं बिंदूंच्या अंतराइतकं निघालं, तरी तीच गत. म्हणून टेप तिरपा.

सळई जितकी जाड, तितकी ती पानांना जास्त लागते आणि आच्छादन फुगतं. म्हणून टोक अणकुचीदार हवं. वाऱ्यात पाती हलतात, म्हणून वारा सुटण्याआधी, सकाळी लवकर मोजणी उरकावी.

(दृश्य : चौकट, कात्री, कागदी पिशवी.)

गवताचं उत्पादन काढायचं तर चौकट ठेवून आतलं गवत कापायचं. काठावरच्या रोपांवर हमखास वाद होतो. दोन लगतच्या बाजूंवरची धरायची, उरलेल्या दोन बाजूंवरची सोडायची, हे आधीच ठरवावं. कापलेलं गवत कागदी पिशवीत भरून साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं गवत सडतं आणि वजन घटतं.

झाडं मोजायला गोल क्षेत्र सोयीचं : मध्ये खुंटी, ५.६४ मीटरची दोरी, झाले १०० चौरस मीटर. उतारावर दोरी आडवी, पातळीत धरा. जमिनीला टेकवून फिरवली, तर नकाशावर क्षेत्र कमी भरतं.

(दृश्य : नोंदवहीतले आकडे.)

टेप किती टाकायचे? आधी थोडे टाकून पाहा. समजा, सरासरी आच्छादन ६० टक्के आलं आणि प्रमाण विचलन, म्हणजे टेपाटेपांतल्या आकड्यांचा चढउतार, १५. चूक सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत राहावी, अशी ९० टक्के खात्री (विश्वासपातळी) देणाऱ्या एकतर्फी चाचणीसाठी, म्हणजे आच्छादन कमी तर नाही ना एवढंच पाहणाऱ्या चाचणीसाठी, १२ टेप पुरतात. विचलन २५ निघालं, तर सुमारे ३० लागतात. ठिगळाठिगळांची जमीन म्हणजे जास्त मेहनत, तिथे काटकसर चालत नाही.

अमेरिकेच्या १९७७च्या भूपृष्ठ खाणकाम कायद्याखालचे नियम हीच ९० टक्के विश्वासपातळी मागतात आणि आच्छादन ठरलेल्या मानकाच्या किमान ९० टक्के भरावं लागतं. वर्षाला २६ इंचांहून जास्त पाऊस असेल, तर या हिरवळीची खाणचालकावरची जबाबदारी सर्वसाधारणपणे किमान ५ वर्षं. त्याहून कमी पावसाच्या भागात १०.

(दृश्य : दुसरी व्यक्ती त्याच टेपवर पहिल्या बिंदूपासून सळई सोडते आहे.)

दहातला एक टेप दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याचे आकडे न दाखवता, पुन्हा मोजून घ्या. दोघांत मोठा फरक आला, तर टेप गुंडाळण्याआधी तिथेच उभं राहून बिंदू तपासा.