अठरा सायकली, नागपूर ते गिरड

(कॅनडातल्या आमच्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. तिळगूळ सगळ्यांना पोचला असेलच. शाळेतल्या मुलींना सायकली द्यायच्या म्हणून आम्ही सायकल चालवत जाणार होतो, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यासाठी दर किलोमीटरला अमुक डॉलर असं कागदावर लिहून दिलं होतं, म्हणून आधी हिशेब. नागपूर ते गिरडजवळची आमची शाळा, १ ते ३ जानेवारी, अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही १८ जण होतो, ६ इथले आणि १२ नागपूर-वर्ध्याकडचे. १८ सायकली निघाल्या, १८ पोचल्या. विमानाचं तिकीट, राहणं, जेवणखाण ज्याचं त्याने केलं. तुमच्या पैशातला एक रुपयाही आमच्या प्रवासावर गेला नाही. पावत्यांची फाइल चहाच्या टेबलावर ठेवली आहे, जरूर चाळा.

माझं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. माझ्या लहानपणी गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला जायचं तर ७ किलोमीटर, त्यातले ३ पांदणीचे. पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारी बंडीची वाट. पावसाळ्यात तिथली काळी माती चपलेला अशी धरते की चपला हातात घेऊनच चालावं लागतं. आमच्या वर्गात ९ मुली होत्या, त्यातल्या आठवीला दोघीच गेलो. बाबांकडे काळी सायकल होती आणि मला ती कैची मारत चालवता यायची, दांडीखालून पाय घालून, अंग एका बाजूला टाकून. माझ्या शेजारची मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार होती. गणित तीच मला शिकवायची. सायकल तिच्याही घरी होती, पण ती भावाची. सातवीनंतर ती माझ्या आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली, आणि मी संध्याकाळी घरी आले की माझी वही उघडून बघायची. बरेच दिवस बघायची. मग बंद केलं तिनं.

बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्या वयाच्या मुलींची हायस्कुलातली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ मुख्यतः हायस्कूल लांब असलेल्या गावांत झाली. मी तो आकडा वाचला तेव्हा मला आमच्या वर्गातल्या त्या ७ जणी आठवल्या. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, मुलींसाठी निळ्या एसटी बस धावतात. ते काम मोठं आहे. आम्ही एका शाळेपुरतं बघितलं. मुख्याध्यापिका बाईंनी १८ मुलींची नावं काढून दिली, ज्यांच्याकडे सायकल नव्हती आणि मिळायची शक्यताही नव्हती.

आता कुणी म्हणेल, मग पैसे पाठवायचे, त्यासाठी सायकल कशाला चालवायची? हा प्रश्न मला इथल्या एका काकांनी ऑगस्टमध्येच विचारला होता. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे अर्धंच होतं, बाकीचं अर्धं रस्त्यात मिळालं.

आम्ही एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवली. आपापल्या गिअरच्या हलक्या सायकली चालवायच्या नाहीत. ज्या सायकली मुलींना द्यायच्या त्याच नागपुरात विकत घ्यायच्या, त्याच चालवत न्यायच्या. बिनगिअरची, लोखंडी, मागे कॅरिअर, २० किलोच्या घरातली सायकल. यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. पुरुषमंडळींचे गुडघे त्या छोट्या मापाच्या सायकलीवर दुखतील, वापरलेली सायकल मुलीला देणं बरं दिसेल का, असं बरंच काही. मी ऐकलं, पण हटले नाही. तिला रोज ज्यावर बसायचं आहे त्यावर मी तीन दिवस बसले नाही, तर मला तिच्या वाटेतलं काय कळणार?

तयारी मात्र इथेच करायची होती. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला आणि बो नदीकाठचा रस्ता आमच्यासाठी बंद झाला. मग आमच्या तळघरात ट्रेनर लावले, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचे स्टँड. आठवड्यात तीन दिवस पाऊण-पाऊण तास, मुद्दाम जड करून, कारण तिकडे गिअर बदलायची सोय नव्हती. डिसेंबरात शनिवार-रविवार सलग अडीच-अडीच तास. आदल्या दिवशीचा शीण अंगात असताना पुन्हा सीटवर बसता येतं का, हे दुसऱ्या दिवशी बसल्याशिवाय कळत नाही. आमच्यातल्या एका ताईंचं वय ६३. सप्टेंबरात त्यांना १० किलोमीटरही जड जात होते. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकातून सगळ्यात आधी त्याच आत गेल्या.

पाण्याचं सांगते, कारण पुढच्या वेळी येणाऱ्यांनी ते हलक्यात घेऊ नये. तिकडे जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी ऊन चटका देतं. आपण उणे वीसमधून गेलेली माणसं, आपल्या शरीराला घामाची सवय राहिलेली नसते. म्हणून आम्ही आठवडाभर आधी गेलो. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्यायचे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे पाणी प्रत्येकाच्या बाटलीत होतं.

पहिल्या दिवशी पहाटे नागपूर सोडलं. बुटीबोरीला हैदराबादचा हमरस्ता सुटतो आणि वर्ध्याचा रस्ता लागतो. आठची वेळ, दोन्ही बाजूंना तुरी उभ्या, कपाशीची वेचणी चाललेली, धुकं अजून जमिनीलगत. आणि माझ्या डाव्या पायडलमधून टक्... टक्... असा आवाज. थोड्या वेळानं मागून आणखी एक टक्टक्. केळझरच्या अलीकडे येईस्तोवर सात सायकली वाजत होत्या.

रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एक सायकल दुरुस्तीचं दुकान दिसलं. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि फांदीला टांगलेलं जुनं टायर. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी माझी सायकल उलटी केली, पायडल हातानं हलवून बघितलं आणि म्हणाले, "कॉटर ढिला हाय बाई. कोनं फिट केली?" मी दुकानाचं सांगितलं. ते म्हणाले, "दुकानात फक्त जोडते. नवी सायकल म्हंजे कच्ची सायकल. शंभर किलोमीटर चालू द्या, मंग तिचं खरं समजते."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पायडलचा दांडा मधल्या आसावर एका पाचरीसारख्या खिळ्यानं घट्ट बसवलेला असतो, तो कॉटर. नवा कॉटर थोडा चालल्यावर बसतो आणि ढिला होतो. तो वेळेवर ठोकून आवळला नाही तर झिजतो, मग दांडा डुलायला लागतो आणि एक दिवस पाय सटकतो. चाकाच्या ताराही तशाच. नव्या तारा पहिल्या काही दिवसांत सैल पडतात, तेव्हाच ताणून घेतल्या नाहीत तर चाक लचकतं. ब्रेकही उतरतात. बाबांनी दोन तास बसून सगळ्या १८ सायकली बघितल्या. ७ कॉटर, ४ चाकं, १ हँडल. पैसे घ्यायला तयार नव्हते. सायकली शाळेतल्या पोरींसाठी आहेत हे कळल्यावर तर नाहीच. शेवटी आम्ही त्यांना तिसऱ्या दिवशी शाळेत यायची गळ घातली.

तिथेच मला काकांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मिळालं. आम्ही नुसते पैसे पाठवले असते, तर याच १८ सायकली हारतुरे घालून, फोटो काढून, याच ढिल्या कॉटरनिशी मुलींच्या हातात गेल्या असत्या. महिन्याभरात निम्म्या घराच्या पडवीत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या असत्या. आणि घरचे म्हणाले असते, पोरीला सायकल दिली तर तिनं मोडली.

त्या संध्याकाळी पवनारला धाम नदीच्या पुलावर थांबलो. विनोबांचा आश्रम समोर, नदी शांत. मुक्काम सेवाग्रामला. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सकाळी बापूकुटीसमोर उभं राहिलो, पण तिथलं वर्णन मी करत नाही. ज्यांनी बघितली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितली नाही त्यांनी एकदा जावं.

दुसरा दिवस सराट्यांचा, म्हणजे रस्त्याकडेच्या काटेरी फळांचा. वर्ध्याहून वायगाव, तिथून हिंगणघाट. हळदीसाठी प्रसिद्ध असलेलं वायगाव हे नव्हे, ते समुद्रपूर तालुक्यातलं. आमच्यातले दोघं हळद घ्यायला थांबले होते, त्यांना निराश व्हावं लागलं. रस्ता सोडून जरा कडेला सायकल घेतली की सराटा टायरमध्ये शिरलाच. बाभळीचे काटे वेगळे. दिवसभरात ११ पंक्चर झाले. पहिल्या दोन वेळी आम्ही दुकान शोधलं, तिसऱ्यापासून स्वतः काढायला लागलो. ट्यूब पाण्यात धरायची, बुडबुडा दिसला तिथे खूण करायची, पुसून, पॉलिश पेपरनं घासून सोल्युशन लावायचं, ते सुकू द्यायचं आणि मग ठिगळ. सुकू द्यायचं हेच आम्हाला जमत नव्हतं, घाई व्हायची. हिंगणघाटच्या जवळ येताना कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली, आणि रात्री एका घरी तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी, भाकरी आणि जवसाची चटणी. इथे फ्रीजरमधल्या सोल्यांची भाजी मी दरवर्षी करते. ती आणि ही, नाव तेवढं सारखं.

तिसऱ्या दिवशी जामच्या चौकात चहाला थांबलो. तिथून एक रस्ता वरोऱ्याकडे, आनंदवनाकडे जातो. आमच्याबरोबरच्या वर्ध्याच्या एका गुरुजींनी तिथे बाबा आमट्यांच्या भारत जोडोची आठवण काढली. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघून काश्मीरपर्यंत तरुण मुलंमुली सायकलवर गेली होती. बाबांना पाठीच्या दुखण्यामुळे बसताही येत नव्हतं, तरी ते गाडीत आडवे पडून सोबत होते. गुरुजी तेव्हा कॉलेजात होते, जायची फार इच्छा होती, घरच्यांनी सोडलं नाही. "चाळीस वर्षांनी निघालो जी," एवढंच म्हणाले आणि कप ठेवून सायकलीकडे गेले.

समुद्रपूरवरून गिरड. टेकडीवरचा शेख फरीदबाबांचा दर्गा लांबूनच दिसतो. लहानपणी आम्ही तिथून जायफळासारखे दिसणारे दगड वेचून आणायचो. पुढे डांबर संपतं आणि पांदण. जानेवारीत ती कोरडी असते, पण बंडीच्या चाकोऱ्या इतक्या खोल की चाक एकदा आत गेलं की बाहेर निघत नाही. उतरून ढकललं. १३ वर्षांची मुलगी दप्तर लावून ही वाट रोज दोनदा करणार, हे त्या ढकलताना जेवढं कळलं तेवढं आधी कळलं नव्हतं.

३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. शाळेत मुली पांढऱ्या साड्या नेसून आणि कपाळावर आडवी चिरी लावून भाषणं करत होत्या. ती झाल्यावर केळझरकडचे बाबा पेटी घेऊन पुढे बसले. ते खरंच आले होते, दोन एसट्या बदलून. आमचा सत्काराचा कार्यक्रम आम्ही रद्द करून घेतला आणि तो वेळ त्यांना दिला. आधी प्रत्येक मुलीच्या मापानं सीट बसवली. टाच पायडलवर ठेवून पायडल पूर्ण खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा, हा नियम आम्हा मोठ्यांसाठी. नव्या शिकणारीला थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणून त्यांची सीट थोडी खालीच ठेवली. मग कॉटर कसा बघायचा, चेनला तेल किती घालायचं, पंक्चर कसं काढायचं. नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाबा, पंक्चर नसते तरी हवा काहून जाते?" त्यांनी व्हॉल्व्ह उघडून त्यातली रबराची बारीक नळी काढून दाखवली. ती कुजली, चिरली की हवा राहत नाही. एवढीशी नळी, दोन-चार रुपयांची. ती गावात मिळत नाही म्हणून सायकल पडून राहते आणि शाळा बुडते.

म्हणून उरलेल्या पैशांचं आम्ही तिथेच ठरवलं, आणि ते तुम्हाला मान्य व्हावं अशी माझी विनंती आहे. आणखी तीन सायकली घेता आल्या असत्या, त्या घेतल्या नाहीत. शाळेत एक पेटी ठेवली. दोन पंप, पाने, ठिगळं, सोल्युशन, कॉटर, ब्रेकचे रबर आणि नळ्यांची पाकिटं. पेटीची किल्ली दहावीच्या दोन मुलींकडे. बाबा महिन्यातून एकदा येतील, त्यांचा मेहनताना आणि एसटीचं भाडं आपण देऊ. वर्षभराचं देऊन आलो आहोत. मुख्याध्यापिका बाईंचा परवा फोन होता. १८ पैकी १७ सायकली रोज येतात. एक मुलगी अजून येत नाही, तिच्या घरी बोलायला बाई रविवारी जाणार आहेत.

पुढच्या जानेवारीत शेजारच्या गावातली शाळा घ्यायची आहे. इथून आणखी चार जण हवेत. सायकल येत नसेल तरी चालेल, वर्ष हातात आहे. तळघरात ट्रेनर लावलेलेच आहेत, शनिवारी सकाळी साडेआठला या. पहिल्या दिवशी फक्त पंक्चर काढायला शिकवणार आहे.