पास झालात, पण क्रेडिट मोजलं गेलं का?

नमस्कार! निकाल लागला, सगळे विषय सुटले, एटीकेटी एकही नाही. तरीही तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ऑफिसमधून सांगतात, "तुमचे दोन क्रेडिट कमी पडताहेत." क्रेडिट म्हणजे विषय पूर्ण केल्यावर तुमच्या खात्यात जमा होणारं त्या विषयाचं माप. ते कमी कसं पडतं आणि ही नोंद दुरुस्त कोण करतं, ते आज बघू.

आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं, एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी. केगावला मुख्य परिसर आणि कॉलेजं पार अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढ्यापर्यंत. तुम्ही शिकता कॉलेजात, पण पदवी देतं विद्यापीठ. म्हणजे तुमची नोंद दोन ठिकाणी तयार होते. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला २० ते २२. पण नुसती बेरीज जुळून चालत नाही. खणांचं कपाट असतं ना, तसं आहे हे. मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, खण वेगळा, मायनरचा, म्हणजे दुय्यम विषयाचा, वेगळा. ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, फील्ड प्रोजेक्ट, प्रत्येकाला आपापला खण. एका खणात जास्त झालं म्हणून दुसऱ्याची रिकामी जागा भरत नाही.

[पडद्यावर: विषयनिवडीचा फॉर्म, ओपन इलेक्टिव्हची ओळ मोठी करून]

ही ओळ नीट बघा. समजा, बार्शीहून आलेली एक मुलगी बी.कॉम.ला आहे. ओपन इलेक्टिव्ह म्हणून तिनं वाणिज्य शाखेचाच विषय घेतला, कारण मैत्रिणीनं घेतला होता. अभ्यास केला, चांगले मार्क पडले. पण नियम असा की ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या शाखेबाहेरचं हवं. झालं! मार्क आहेत, मेहनत आहे, खण मात्र रिकामा. यात तिची चूक मी मानत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या हातात कोडचा तक्ता देऊन "भरा" म्हणायचं आणि शेजारी बसून समजवायला कुणी नाही, हे बरोबर नाही.

आता परदेशात हे काम कसं चालतं ते सांगतो, कारण आपली बरीच मुलं एमएसला अमेरिकेत जातात. तिथं अकॅडेमिक ॲडव्हायझर असतो. तुम्ही दाखल झालात त्या वर्षीचे पदवीचे नियम संगणकात भरलेले असतात आणि त्यासमोर तुमचे कोर्स लावून कोणती अट पूर्ण, कोणती बाकी, हे दिसतं. त्याला म्हणतात डिग्री ऑडिट. डिग्री वर्क्स नावाची प्रणाली त्यासाठी अनेक विद्यापीठांत वापरतात. एखादा कोर्स योग्य जागी बसत नसेल, तर विभागाची मंजुरी घेऊन ॲडव्हायझर किंवा रजिस्ट्रारचं ऑफिस तिथं अपवादाची नोंद टाकतं. या कोर्सऐवजी तो चालेल, किंवा ही अट माफ.

या दोन्हींत फार मोठा फरक आहे. बदली कोर्स मान्य झाला तर तुम्ही केलेल्या कोर्सचे क्रेडिट त्या अटीत धरले जातात. अट माफ झाली, तर फक्त अट गेली. समजा, तुमच्या एमएसला ३० क्रेडिट हवेत आणि "तुमचं स्टॅटिस्टिक्स आधीच झालंय" म्हणून तो कोर्स माफ केला. तरी ३० पूर्ण करायलाच लागतात, त्याजागी दुसरा कोर्स घ्यावा लागतो. आणि अशा नोंदीनं तुमचं गुणपत्रक बदलत नाही, फक्त कोर्स कुठं मोजायचा ते बदलतं. मध्येच मेजर बदललं, तर जुना अपवाद आपोआप लागू राहील असं धरून चालू नका. ॲडव्हायझरकडून पुन्हा तपासून घ्या.

आपल्याकडे वळू. आपल्याकडे मेंटॉर असतात, पालक शिक्षक म्हणा. ते मार्ग दाखवतात, पण विद्यापीठाच्या नोंदीत स्वतः बदल करू शकत नाहीत. म्हणून "सरांना सांगितलंय" एवढ्यावर राहू नका. लेखी अर्ज करा. त्यात पीआरएन (विद्यापीठाचा तुमचा कायम नोंदणी क्रमांक), सेमिस्टर, विषयाचा कोड, कोणत्या खणात नोंद झालीय आणि कोणत्या खणात हवी, हे सगळं लिहा. सोबत गुणपत्रकाची झेरॉक्स जोडा. विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांमार्फत विद्यापीठाकडे. आवक क्रमांकासह पोच घ्याच. पोच नसेल तर पुढच्या वेळी तुमचा अर्ज शोधायचा कसा?

पुण्याहून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून बदलून आलेल्यांना आणखी एक काम आहे. मायग्रेशन सर्टिफिकेट लागतंच, पण तिथल्या विषयांचा अभ्यासक्रमही सोबत द्या. नुसत्या नावावरून विषय समकक्ष ठरवता येत नाही. आत काय शिकवलं आणि किती तास, ते बघावं लागतं. मध्ये गॅप पडलेल्यांनी आधी एवढंच विचारा, "माझा पॅटर्न जुना की नवा?" त्यावर तुमचा सगळा हिशोब बदलतो.

राहिलं अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. २०२१ मध्ये सुरू झालेली ही देशभराची नोंद आहे, डिजिलॉकरमधून उघडता येते. तुम्ही स्वतः तिथं क्रेडिट जमा करू शकत नाही, ते संस्थाच करते. तिथं क्रेडिट दिसत नसतील तर पहिलं नाव तपासा. आधारवर एक स्पेलिंग आणि विद्यापीठात दुसरं, एवढ्यावरूनही गाडी अडते. वडिलांचं नाव पुढं-मागं झालं असेल तेही बघा. साठवलेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात, त्यामुळं मध्येच शिक्षण सोडलेल्यांनी, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या मुलींनी, आपलं खातं एकदा उघडून बघावंच.

आणि हे सगळं कधी करायचं? पुढच्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरायच्या आधी. तेव्हा चूक सापडली तर राहिलेला विषय त्याच फॉर्ममध्ये घेता येतो का, हे तरी विचारता येतं. तुमच्या गुणपत्रकात एखादी ओळ कळत नसेल तर खाली विषयाचं नाव आणि सेमिस्टर लिहा. पीआरएन लिहू नका, तो सगळ्यांना दिसतो.