मेसा व्हर्डेच्या साठवणखोलीतले बारा आठवडे

मंडळी, अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मेसा व्हर्डे हे राष्ट्रीय उद्यान आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याला जंगल आणि जनावरं आठवतात. हे उद्यान मात्र १९०६ साली माणसांनी बांधलेलं राखण्यासाठी झालं. प्युब्लो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांनी कड्यांच्या कपारींत बांधलेली दगडी घरं इथे आहेत, आणि त्यांतली बरीचशी तेराव्या शतकातली. पुरातत्त्वीय स्थळं जवळजवळ पाच हजार. तिथून निघालेल्या वस्तू, नमुने आणि त्यांची कागदपत्रं मिळून सुमारे ३० लाखांचा संग्रह होतो. अशा उद्यानांच्या संग्रहांची निगा राखायला उन्हाळ्यात साधारण ११-१२ आठवड्यांसाठी विद्यार्थी उमेदवारीवर, म्हणजे इंटर्नशिपवर, येतात. बहुतेक जागा अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या तरुणांसाठी असतात. तिथे वाढलेली आपली मराठी मुलं इतिहास किंवा पुरातत्त्व शिकत असतील, तर त्यांनी या कामाकडे जरूर पाहावं. या बारा आठवड्यांत हातांनी काय करायचं असतं, ते आज सांगतो.

सुरुवात एका जुन्या गोष्टीनं करावी लागेल. १८९१ साली गुस्ताफ नूर्डेनशेल्ड हा स्वीडिश तरुण मेसा व्हर्डेला आला, त्यानं खोदलं आणि मिळालेल्या वस्तू युरोपात नेल्या. त्याला अडवणारा कायदा तेव्हा नव्हता. तो संग्रह शेवटी हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचला. त्यातले २० व्यक्तींचे अवशेष आणि दफनातल्या २८ वस्तू २०२० साली परत आल्या. होपी, झुनी, अकोमा आणि झिया या प्युब्लो लोकांनी त्यांचं मेसा व्हर्डेतच पुन्हा दफन केलं. कोणत्या घरातून काय काढलं, याच्या नोंदी नूर्डेनशेल्डनं ठेवल्या होत्या. त्याच काळात इतरांनी खोदून विकलेली कितीतरी भांडी आज घराघरांत आणि संग्रहालयांत आहेत, पण ती कुठल्या खोलीतून आली हे कुणालाच ठाऊक नाही. अशा भांड्यावर कुणाचा हक्क, हे ठरवायला धागाच उरत नाही.

म्हणून माझ्या मते या उमेदवारीतलं पहिलं काम वस्तू आणि तिची नोंद यांच्यातली गाठ सुटू न देण्याचं. ब्रश, फोम आणि हातमोजे त्यानंतर येतात.

ही गाठ म्हणजे क्रमांक. ते तीन प्रकारचे असतात आणि नवखी मुलं त्यांत हमखास गोंधळतात. ग्रंथालयात असतो तसा पहिला दाखल क्रमांक. एका वेळी एका मार्गानं जे काही संग्रहात आलं, त्या सगळ्याला मिळून तो एकच असतो. दुसरा वस्तूचा स्वतःचा नोंद क्रमांक, आणि त्याच्या आधी उद्यानाची चार अक्षरं. तिसरा स्थळाचा. उदाहरणार्थ, स्प्रूस ट्री हाउस हे ‘५ एमव्ही ६४०’. यातला ५ म्हणजे कोलोराडो. अलास्का आणि हवाई ही राज्यं होण्याआधीच्या वर्णानुक्रमात ते पाचवं येतं. एमव्ही म्हणजे मेसा व्हर्डे, आणि ६४० हा तिथला त्या स्थळाचा अनुक्रमांक. एका खापरावर किंवा पिशवीवर हे तिन्ही क्रमांक असू शकतात, शिवाय उत्खनन करणाऱ्याचा चौथाही. कुठला कशाचा, हे कळल्याशिवाय नोंद भरायला घेऊ नये.

सर्वांत जास्त वेळ जुन्या पिशव्या बदलण्यात जातो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या उत्खननातली खापरं, दगडी हत्यारांचे छिलके आणि हाडं अनेकदा तपकिरी कागदी पिशव्यांत असतात. कागद आम्लधर्मी असल्यामुळे तो ठिसूळ होतो आणि पिशवीचा तळ फाटतो. रबरबँडची अवस्था याहून वाईट. तो वितळून चिकटतो आणि त्यातल्या गंधकानं धातू काळा पडतो. नवी पिशवी पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकची घ्यायची, साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची. त्याहून पातळ पिशवीला खापराच्या कडा भोकं पाडतात.

आता क्रम. एका वेळी टेबलावर एकच पिशवी. ती उघडण्याआधी तिच्यावरचं सगळं लिखाण जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. स्पेलिंग चुकलं असेल तर चुकीचंच उतरवा, आपली दुरुस्ती चौकटी कंसात वेगळी लिहा. तळाला कागद अंथरलेल्या ट्रेमध्ये माल काढा, मोजा आणि आकडा नोंदीशी ताडून पाहा. नोंदीत ४७ तुकडे आणि ट्रेमध्ये ४९ असं झालं तर घाबरायचं कारण नाही. बहुतेकदा दोन तुकडे आतल्या आत मोडलेले असतात, ताज्या कडा फिकट दिसतात त्यावरून ते ओळखता येतं. दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा. नवी चिठ्ठी आम्लरहित कागदावर लिहून छोट्या वेगळ्या पिशवीत घाला आणि मग मोठीत ठेवा, म्हणजे खापरांच्या घासण्यानं ती पुसली जात नाही. जुन्या पिशवीवरचा मजकुराचा भाग कापून तोही जपायचा. जुनी पिशवी कचऱ्यात टाकणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. तुम्ही १ वाचलेला आकडा खरं तर ७ होता, हे दहा वर्षांनी कुणाला पडताळायचं झालं तर दुसरा पुरावा नसतो.

वस्तूवर क्रमांक घालणं हे नाजूक काम. पॅरालॉइड बी-७२ हा पारदर्शक राळेसारखा पदार्थ अॅसिटोनमध्ये विरघळवतात, १०० मिलिलिटरला १५ ते २० ग्रॅम. दाणे थेट बरणीत टाकले तर तळाशी त्यांचा गोळा बसतो. ते मलमलीच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत लोंबकळत ठेवावेत, रात्रभरात विरघळतात. बारीक ब्रशनं क्रमांकापेक्षा थोडा मोठा पट्टा द्यायचा. ब्रश एकदाच फिरवायचा. अॅसिटोन झपाट्यानं उडतं, कोलोराडोच्या कोरड्या हवेत तर फारच. पुन्हा पुन्हा फिरवलं की तारा सुटतात आणि बुडबुडे येतात. पट्टा पूर्ण वाळल्यावर रंगद्रव्याच्या शाईनं लिहायचं. त्यावरचा शेवटचा थर पॅरालॉइडच्याच बी-६७ या प्रकाराचा देतात, कारण तो वेगळ्या, पेट्रोलियमजन्य द्रावकात विरघळतो. वरही बी-७२ च दिलं तर त्यातलं अॅसिटोन खालचा थर पुन्हा मऊ करतं आणि शाई फरपटते. काळ्या दगडावर खालचा थर पांढरा लागतो. हे सगळं खेळत्या हवेत, आणि आसपास ज्योत नको.

क्रमांक कुठे घालायचा यालाही विचार लागतो. नक्षीवर आणि तुटलेल्या कडेवर कधीच नाही. कडेवर घातला तर दोन तुकडे पुढे कधी जुळवता येत नाहीत. भुसभुशीत, कच्च्या भाजलेल्या खापरावर नाही, कारण द्रावण आत शोषलं जातं. टोपल्या आणि युक्काच्या धाग्यांच्या चपला यांच्यावर लिहीतच नाहीत, त्यांना सुती दोऱ्यानं चिठ्ठी सैलसर बांधतात. युक्का म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातली वनस्पती. सातशे-आठशे वर्षं जुना धागा घट्ट गाठीखाली चिरडतो. पूर्वी काही ठिकाणी नखांचं पॉलिश वापरत. ते पिवळं पडतं, पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर क्रमांकही जातो.

मेसा व्हर्डेची काळ्या-पांढऱ्या नक्षीची भांडी पाहण्यासारखी आहेत. त्यांतले कानवाले पेले तर आजच्या मगसारखे दिसतात, आणि म्हणूनच हात नकळत कानाकडे जातो. कान हा वेगळा जोडलेला भाग, भार पडला की तिथेच तडकतो. भांडं दोन्ही हातांनी घ्यायचं, एक हात तळाखाली. सुती हातमोजे नकोत, ते घसरतात आणि खरबरीत जागी अडकतात. त्यांऐवजी नायट्राइल या कृत्रिम रबराचे वापरा. गोल बुडाच्या भांड्याला पॉलिइथिलीन फोमची बैठक कापावी लागते. पाणी आणणाऱ्या बायका डोक्यावर ठेवायच्या त्या चुंबळीचं तत्त्व इथे जसंच्या तसं चालतं. भार एका बिंदूवर न येता गोल कडेवर पसरला पाहिजे. फोमची कापलेली कड खरखरीत असते, त्यामुळे आत मऊ, गुळगुळीत अस्तर हवंच.

आता कसर. या संग्रहात टर्कीच्या पिसांची पांघरुणं आहेत, मक्याची बुरकुंडं आहेत, चपला आहेत. किड्यांना हे अन्न आहे. भिंतीच्या कडेनं, कोपऱ्यांत आणि दारापाशी चिकट सापळे ठेवतात, प्रत्येकावर क्रमांक आणि तारीख घालून. महिन्याकाठी ते तपासायचे आणि किती किडे यापेक्षा कोणते, हे आधी पाहायचं. बाहेरून चुकून आलेले किडे फक्त दाराखालची फट सांगतात. केसाळ अळीची कात दिसली तर मात्र पिसं-लोकर खाणारे भुंगेरे आत आहेत, मग आसपासची कपाटं उघडून पाहायची. लागण झालेली वस्तू मऊ कागदात गुंडाळून, पॉलिइथिलीनमध्ये हवाबंद करून, उणे २० अंश सेल्सिअसला निदान आठवडाभर ठेवतात. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार वस्तूवर हवेतलं पाणी जमतं. घाईत नेमकं हेच होतं. मेण, काच आणि रंगवलेल्या वस्तूंना हा उपाय नाही.

उंदरांच्या लेंड्यांबद्दल सावध राहा. १९९३ साली हंताव्हायरस या जीवघेण्या विषाणूची साथ कोलोराडो, युटा, अॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांच्या याच सीमाभागात आली आणि तिचा स्रोत तिथला हरणउंदीर निघाला. खोक्यात लेंड्या दिसल्या तर झाडायचं नाही आणि व्हॅक्यूमही लावायचा नाही. धुळीतूनच विषाणू श्वासात जातो. खोली हवेशीर करून, हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण फवारून पाच मिनिटं भिजू द्यावं, मग कागदानं टिपावं. हे फरशीला आणि फडताळाला चालतं, वस्तूला नाही. लेंड्या वस्तूवर असतील तर खोकं तसंच बंद करून अभिरक्षकांना, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरना, सांगायचं. जुन्या पेंढा भरलेल्या प्राण्यांत आणि काही टोपल्यांत आर्सेनिकसारखी कीटकनाशकं असतात, तिथेही हीच सावधगिरी. पूर्वी किडे मारण्यासाठी घातलेलं हे विष आज मोठा प्रश्न झालं आहे. विधीची वस्तू तिच्या लोकांकडे परत गेली की ती पुन्हा अंगावर घातली जाते, हातात धरली जाते.

जुलै ते सप्टेंबर तिथे वळवासारखा गडगडाटी पाऊस येतो. अमेरिकेतही त्याला मान्सूनच म्हणतात. आपल्या कोकणाच्या मानानं तो काहीच नाही, पण एरवी कोरड्या असलेल्या साठवणखोलीला हा बदल सोसत नाही. जमिनीतून आलेले क्षार मडक्याच्या अंगात असतात. हवा दमट झाली की विरघळतात, कोरडी झाली की स्फटिक होऊन पृष्ठभागाचे पोपडे काढतात. जुन्या भिंतीला लोणा लागतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आर्द्रतेचा आकडा किती यापेक्षा तो किती वेळा वरखाली होतो याकडे लक्ष द्या. आलेखात रोज ठरावीक वेळी टोक दिसत असेल, तर ट्रॉलीसाठी कुणी दार अडकवून ठेवतं का, हे आधी पाहावं. याच पावसाच्या विजांनी इथे वणवेही पेटतात. २००० साली उद्यानाचा मोठा भाग जळाला, २००२ साली पुन्हा वणवा लागला.

काही कपाटं तुमच्यासाठी नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगतात. मूळ रहिवाशांचे अवशेष आणि दफनवस्तू यांच्याबद्दल १९९० चा कायदा आहे. जानेवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार त्या दाखवणं, पाहू देणं किंवा अभ्यासणं यासाठी संबंधित लोकांची आधी संमती लागते. मेसा व्हर्डेशी नातं सांगणारे मूळ रहिवाशांचे वीसहून अधिक समाज आहेत. फोटो काढायचा नाही, कुतूहल म्हणून ड्रॉवर ओढायचा नाही. खापरांच्या पिशवीत माणसाचं वाटणारं हाड दिसलं तर तिथेच थांबून सांगायचं. ज्यांचे हे पूर्वज, ते लोक आजही होपीच्या आणि झुनीच्या गावांत राहतात, हे विसरता कामा नये.

वार्षिक मोजणीत संगणक यादृच्छिक यादी काढतो. दोघांनी मिळून करावी, एकानं यादी वाचायची, दुसऱ्यानं वस्तूवरचा क्रमांक मोठ्यानं म्हणायचा. वस्तू सापडली नाही तर आधी शेजारची फळी पाहा, मग आकड्यांची अदलाबदल, मग प्रदर्शन आणि उसनवारीच्या नोंदी. हरवलेल्या बहुतेक वस्तू कुणीतरी क्षणभरासाठी हलवलेल्या असतात. यासाठीच वस्तू काढताना तिच्या जागी चिठ्ठी ठेवतात: क्रमांक, कुठे नेली, कुणी, कधी.

शेवटच्या आठवड्यात नवं खोकं उघडू नये. टेबलावरचं सगळं कपाटात गेलं का, फळ्यांवर उरलेल्या चिठ्ठ्या कुणाच्या, कुठल्या खोक्यात कितव्या पिशवीपर्यंत काम झालं, कुठला क्रमांक शंकास्पद वाटला आणि का, हे तारीख घालून कागदावर उतरवावं. त्याची एक प्रत फाइलला लावावी, दुसरी त्याच खोक्यात, सर्वांत वर ठेवावी. पुढच्या जूनमध्ये येणारा मुलगा ते खोकं उघडेल, तेव्हा विचारायला तुम्ही तिथे नसाल.